बुटक्यांचा राजा आणि लोककथांचे दप्तर
‘डार्बी ओगिल अँड द लिटल पीपल’ (१९५९) ह्या चित्रपटाची पूर्वपीठिका

१९५९ सालच्या जून महिन्याच्या २३ तारखेस शॉन लेमास ह्यांनी आयर्लंडचे पंतप्रधानपद स्वीकारले आणि २५ तारखेस एमन डी व्हॅलेरा हे राष्ट्राध्यक्षपदावर आरूढ झाले. ह्या दोन घटनांच्या मधल्या दिवशी, म्हणजे २४ जून रोजी, डब्लिनच्या थिएटर रॉयलमध्ये वॉल्ट डिस्ने ह्यांच्या ‘डार्बी ओगिल अँड द लिटल पीपल’ ह्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांतून पहिल्या दोन तारखा आढळतात, तिसरी आढळत नाही. चित्रपटविषयक लेखनात नेमके ह्याच्या उलट घडते. वस्तुतः ह्या तिन्ही गोष्टी एकाच कालखंडाच्या निदर्शक आहेत. कृषिप्रधान, श्रद्धाळू, गेलिक भाषेचा अभिमान बाळगणारे आणि जगापासून काहीसे अलिप्त असे जे आयर्लंड डी व्हॅलेरा ह्यांनी मनाशी धरले होते, ते मागे सरत होते. परकीय भांडवलाला दार उघडणारे लेमास ह्यांचे आयर्लंड पुढे येत होते. नेमक्या त्याच आठवड्यात त्या मावळत्या आयर्लंडचे रंगीत चित्र कॅलिफोर्नियात तयार होऊन राजधानीत दाखल झाले.

चित्रपट वरवर पाहता अगदी हलकाफुलका आहे. राथकलन नावाच्या काल्पनिक खेड्यात डार्बी ओगिल हा वृद्ध गृहस्थ लॉर्ड फिट्झपॅट्रिकच्या इस्टेटीचा राखणदार असतो. कामापेक्षा गुत्त्यात बसून बुटक्या लेप्रेकॉनांच्या गोष्टी सांगण्यात त्याचा वेळ अधिक जातो. जमीनदार त्याला अर्ध्या पगारावर निवृत्त करून डब्लिनचा तरुण मायकेल मॅकब्राइड ह्यास त्याच्या जागी नेमतो. ही गोष्ट आपली मुलगी केटी हिला कशी सांगावी ह्या विवंचनेत असताना डार्बी नॉकनाशीगाच्या डोंगरातील विहिरीत पडतो आणि बुटक्यांचा राजा ब्रायन ह्याच्या दरबारात जाऊन पोहोचतो. पुढे तो राजाला हातभट्टीची दारू पाजून पहाटेपर्यंत गाण्यांत गुंतवून ठेवतो, दिवस उजाडताच त्याची जादू ओसरली म्हणून त्याला पकडतो आणि तीन वर मिळवतो. मुलांनी हसावे व मोठ्यांनी त्यांच्याबरोबर बसावे, असा हा खेळ आहे. त्याविषयी पुढे दोन मते रूढ झाली. अमेरिकेत त्याची गणना निरुपद्रवी कौटुंबिक करमणुकीत झाली. आयर्लंडमध्ये अनेकांनी त्यात आयरिश माणसाचे जुने रंगभूमीवरील व्यंगचित्रच पुन्हा पाहिले. दोन्ही मतांना आधार आहे. परंतु चित्रपटाच्या आधीची तेरा वर्षे लक्षात घेतली तर दोन्ही अपुरी ठरतात. कारण ह्या बुटक्यांच्या मागे एका राष्ट्राने मोठ्या कष्टाने उभे केलेले लोककथांचे दप्तर होते, आणि त्या दप्तराच्या प्रमुखाला हा चित्रपट मुळात नकोच होता.

आयरिश लोकसाहित्य आयोगाची स्थापना १९३५ साली शासनाने केली. त्याच्या आधी, १९२७ मध्ये, लोकसाहित्य मंडळ स्थापन होऊन त्याचे ‘बेलोइडस’ हे नियतकालिक निघू लागले होते. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनमधील सरकारी अभिलेखागार आगीत भस्मसात झाले आणि शतकानुशतकांचे कागद एका दिवसात गेले. ज्या देशाचा लिखित पुरावा असा नष्ट झाला त्या देशाने मौखिक स्मृतीकडे अधिक आस्थेने पाहावे, ह्यात नवल नाही. आयोगाचे संग्राहक ‘एडिफोन’ यंत्रे घेऊन खेडोपाडी जात, मेणाच्या नळ्यांवर कथनकारांचा आवाज उतरवून घेत, रात्री बसून त्याचे लेखन करीत. पैशांची चणचण एवढी की लेखन झाल्यावर बहुतेक नळ्या तासून पुन्हा वापरीत. शब्द राहिले, आवाज गेले. १९३७-३८ मध्ये सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांकडून त्यांच्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहून घेण्याची योजना राबविण्यात आली. शिक्षकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत विषयांची यादी होती: दुष्काळाचे दिवस, गावचे जमीनदार, पवित्र विहिरी, परीलोकांचे मानले जाणारे जुने मातीचे कोट, आणि लेप्रेकॉनसुद्धा. हा शेवटचा तपशील विसरता कामा नये.

आयोगाचे संचालक शेमस डेलार्गी (१८९९–१९८०) हे केवळ कार्यालयीन अधिकारी नव्हते. केरी परगण्यातील शॉन ओ कॉनल ह्या शेतकऱ्याकडून त्यांनी अनेक वर्षे कथा उतरवून घेतल्या होत्या. ह्या कथनकाराला, ज्याला आयरिश भाषेत ‘शॅनखी’ म्हणतात, म्हातारपणी श्रोतेच उरले नव्हते. जवळ कोणी नाही असे पाहून, कथा विसरू नयेत म्हणून, तो त्या स्वतःशीच मोठ्याने व हातवारे करून म्हणत असे. बाजारातून परतताना चढावर आपल्या गाडीच्या मागल्या फळीला तो कथा सांगत असलेला दिसला, अशी आठवण डेलार्गी ह्यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात नोंदविली आहे. लोककथा म्हणजे काय, ह्याचे उत्तर त्यांच्या दृष्टीने ह्या माणसात होते: दीर्घ, घाटदार, पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली वीरकथा, जिला एक रात्र पुरत नाही. सोन्याचे मडके घेऊन पळणारा हिरव्या कोटातील बुटका हे त्यांच्या लेखी आयरिश परंपरेचे प्रतीक नव्हते. शुभेच्छापत्रांवरची ती विक्रीची वस्तू होती.

अशा माणसाकडे १९४६ साली डिस्ने ह्यांची संस्था आली. डिस्ने ह्यांचे पणजोबा किल्केनी परगण्यातून १८३४ मध्ये अमेरिकेस गेलेले. त्यामुळे आयर्लंडविषयी त्यांना काही कौटुंबिक ओढ होती. महायुद्ध संपल्यावर त्यांनी ‘द लिटल पीपल’ ह्या नावाने चित्रपटाची घोषणा केली आणि सामग्री गोळा करण्यासाठी ते आयोगाकडे वळले. डेलार्गी ह्यांनी दार बंद केले नाही. त्यांनी पाहुण्यांची खेड्यांतील कथनकारांशी गाठ घालून दिली, ग्रंथ व हस्तलिखिते पाठविली, दहा वर्षांहून अधिक काळ पत्रव्यवहार ठेवला. मात्र ह्या साऱ्या सौजन्यामागे एक हेतू होता: डिस्ने ह्यांनी लेप्रेकॉन सोडून एखादी प्राचीन वीरगाथा, विशेषतः ‘टॉइन बो कूलिन्ये’, पडद्यावर आणावी. हा प्रयत्न साधला नाही. एका वळूसाठी पेटलेले युद्ध, मित्राच्या हातून मित्राचा वध आणि कुखुलिन ह्या वीराचा एकाकी संग्राम हे ज्या गाथेचे विषय, ती बर्बँकच्या चित्रशाळेस परवडली नसती हे उघड आहे. एवढे मात्र खरे की डेलार्गी ह्यांनी दिलेला नकाशा घेऊन पाहुणे भलत्याच गावी गेले.

पटकथाकार लॉरेन्स एडवर्ड वॉटकिन ह्यांनी आधार घेतला तो हर्मिनी टेम्पलटन कॅव्हनॉ ह्या लेखिकेच्या कथांचा. १९०३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तिच्या संग्रहाचे नाव ‘डार्बी ओगिल अँड द गुड पीपल’ असे आहे. ‘भले लोक’ हे नाव साधे नव्हे. ज्यांना भ्यावे त्यांचे नाव घेऊ नये, गोड बोलावे, अशी ती रीत आहे. रात्री सापाचा उल्लेख ‘लांबडे’ असा करणाऱ्यांस हे अधिक फोडून सांगावयास नको. कॅव्हनॉच्या संग्रहात ब्रायन हा ह्या ‘भल्या लोकांचा’, म्हणजे परीलोकांचा, राजा आहे. लेप्रेकॉनची कथा त्यात वेगळी येते. भेद जुना आहे. टॉमस क्रॉफ्टन क्रोकर ह्यांचा दक्षिण आयर्लंडच्या परीकथांचा संग्रह १८२५ मध्ये निघाला व दुसऱ्याच वर्षी ग्रिम बंधूंनी तो जर्मनमध्ये नेला. १८८८ मध्ये कवी येट्स ह्यांनी आपल्या संकलनात परीलोकांचे दोन वर्ग स्पष्टपणे मांडले, एक जथ्याने राहणारा, दुसरा एकांडा. जथ्यातल्यांना राजे असतात, दरबार असतो, घोडे, नाच, संगीत असते. लेप्रेकॉन एकांड्यांपैकी: कुंपणाच्या आडोशाला बसून एकच जोडा शिवणारा चांभार, चिडखोर, कोणाचा राजा नाही व कोणाची प्रजाही नाही. चित्रपटाने हे दोन्ही वर्ग एकत्र करून चांभाराला मुकुट घातला. डोंगराच्या पोटातील ब्रायनचा दरबार, डार्बीने फिडलवर शिकारीची गत छेडताच घोड्यांवर बसून बाहेर उधळणारी सेना, ही सर्व सामग्री जथ्यातल्या परीलोकांची. नाव, कद आणि धूर्तपणा मात्र लेप्रेकॉनचा. शीर्षकातील ‘भले’ जाऊन ‘बुटके’ आले, त्याबरोबर भीतीची एक पायरी खाली उतरली. लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या चित्रपटास दोष द्यावयाचा तर तो येथे द्यावा. वेषभूषा व उच्चार ह्यांवर रोष धरण्यात अर्थ नाही.

उलटपक्षी, ज्या बाबतीत चित्रपट सर्वांत पोरकट वाटतो तेथेच तो जुन्या आधारांच्या सर्वांत निकट आहे. लेप्रेकॉनचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना उल्लेख फर्गस मॅक लेटी ह्या राजाच्या कथेत येतो. तिची भाषा आठव्या शतकातील मानली जाते. समुद्रकाठी झोपलेल्या फर्गसला हे जलवासी बुटके उचलून पाण्याकडे नेऊ लागतात. पायाला थंड पाणी लागताच तो जागा होतो, त्यांच्यापैकी तिघांना पकडतो आणि सुटकेच्या बदल्यात पाण्याखाली संचार करण्याची विद्या मागून घेतो. ती मिळते, पण एका अटीवर: त्याच्याच मुलखातील लोख रूर्‌या ह्या जलाशयात तिचा उपयोग करावयाचा नाही. फर्गस अट मोडतो आणि तेथील जलराक्षसाच्या दर्शनाने त्याचा चेहरा कायमचा वाकडा होतो. ही कथा प्राचीन आयरिश कायद्याच्या परंपरेतून आलेली आहे, आणि तिचा गाभाही व्यवहाराचाच आहे: पकड, सुटका, मोबदला, अट, भंग, दंड. चित्रपटातील तीन वरांचा व्यवहार ह्याच साच्याचा आहे. चौथा वर मागितल्यास आधीचे तिन्ही रद्द, ही त्याची अट.

डार्बीचे वर कसे खर्ची पडतात हे पाहण्यासारखे आहे. पहिला वर तो राजाला आपल्यापाशी काही काळ अडकवून ठेवण्यासाठी मागतो. दुसरा, मायकेलला राजा दिसावा म्हणून निघालेल्या बोलण्यात वाया जातो. मायकेलला पोत्यात ससाच दिसतो. तिसरा वर येतो तेव्हा खेळाचा रंग पालटलेला असतो. केटी डोंगरावर पडून मरणोन्मुख झालेली आहे. बॅन्शी, म्हणजे मृत्यूची सूचना देणारी परीलोकातील स्त्री, दाराशी विलाप करते. आकाशातून मस्तकहीन सारथ्याचा मृत्युरथ उतरतो. डार्बी तिच्याऐवजी स्वतः त्या रथात बसण्याचा वर मागतो. लहान प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हा प्रसंग जन्मभर आठवत राहिला आहे, आणि त्याचे कारण छायाचित्रणातील युक्त्यांपुरते नाही. बॅन्शी आणि मृत्युरथ ह्या दोन्ही कल्पना आयोगाच्या संग्राहकांना गावोगाव भेटत होत्या, त्याही मनोरंजन म्हणून नव्हे, तर अमक्या घरी अमक्या रात्री ऐकू आलेल्या गोष्टी म्हणून. रथात राजा ब्रायन डार्बीला बोलण्यात गुंतवून त्याच्या तोंडून आणखी एक इच्छा वदवून घेतो, अट मोडते, तिन्ही वर रद्द होतात आणि डार्बी रथाबाहेर फेकला जातो. फर्गसच्या कथेत अटीचा भंग नाशास कारण झाला. येथे तोच सुटकेस कारण होतो. हा बदल विनोदी चित्रपटास साजेसा आहे, तथापि नियम तोच राहिला आहे.

डार्बी स्वतः कोण आहे, हा प्रश्न टीकाकारांनी फारसा विचारलेला दिसत नाही. तो राखणदार आहे आणि तो शॅनखी आहे. चित्रपटाच्या आरंभी त्याचा पहिला व्यवसाय जातो आणि दुसराच शिल्लक राहतो. शॉन ओ कॉनलप्रमाणे त्याला गाडीच्या फळीला कथा सांगावी लागत नाही. गुत्त्यात त्याचे ऐकणारे आहेत, अर्धवट विश्वास ठेवणारे, अर्धवट थट्टा करणारे. पोत्यात प्रत्यक्ष राजा धरून आणला तरी तो पुराव्याने काही सिद्ध करू शकत नाही. जे कथनाने साधते ते प्रदर्शनाने साधत नाही, ही समज डेलार्गी ह्यांच्या व्याख्यानात जशी आहे तशीच ह्या चित्रपटातही, निराळ्या कोटीत का होईना, उतरलेली आहे.

जमीनदाराच्या चित्रणाबाबत मात्र इतकी सवलत देता येत नाही. चित्रपटात वर्ष सांगितलेले नाही. लॉर्ड फिट्झपॅट्रिक अधूनमधून येणारा, सौम्य, न्यायी धनी आहे. कॅव्हनॉचा संग्रह ज्या १९०३ साली निघाला त्याच साली विंडहॅम ह्यांच्या कायद्याने जमीनदारांकडील जमिनी कुळांना विकत देण्याची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यामागे खंडाची थकबाकी, घरातून हुसकावणे आणि दशकांचा भूमिसंघर्ष होता. शाळकरी मुलांनी वह्यांत लिहून आणलेल्या जमीनदारांच्या आठवणीत ह्या हुसकावण्या जागोजाग येतात. चित्रपटात हुसकावणी आहेच. म्हाताऱ्याचे इस्टेटीवरील घर जाते, तो मुलीपासून ते लपवतो. पण ती एवढ्या गोडव्याने घडते की राग धरण्यास कोणी उरत नाही. एक गोष्ट लक्षणीय आहे: तीन वर हाती असूनही डार्बी आपले घर किंवा नोकरी परत मागत नाही.

चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालेच नाही. राथकलन खेडे कॅलिफोर्नियात उभारले आणि डोंगर, ढग, किल्ल्यांचे अवशेष पीटर एलेनशॉ ह्यांनी काचेवर रंगविले. छायाचित्रकार विंटन होक हे जॉन फोर्ड ह्यांच्या ‘द क्वाएट मॅन’ (१९५२) ह्या चित्रपटाच्या छायाचित्रकारांपैकी. त्या चित्रपटाने मेयो परगण्यातील काँग गावाला जी हिरवी दीप्ती दिली तीच येथे रंगाने निर्माण केली आहे. बुटक्यांच्या दृश्यांत आल्बर्ट शार्प कॅमेऱ्याजवळ आणि जिमी ओडी त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर मागे, असे बसविलेले असत. दोघे परस्परांकडे न पाहता आधी मोजून ठरविलेल्या बिंदूंकडे पाहून बोलत, आणि जवळचे व दूरचे दोन्ही सारखेच स्पष्ट दिसावे म्हणून प्रचंड प्रकाश वापरावा लागे. पडद्यावर जे हस्तांदोलनाच्या अंतरावर दिसते ते प्रत्यक्षात एका मोठ्या दालनाच्या दोन टोकांना होते. ह्याच काळात खऱ्या आयर्लंडातील खेडी ओस पडत होती. १९५० नंतरच्या दशकात चार लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली आणि १९६१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या २८ लाख १८ हजारांवर आली. राज्य स्वतंत्र झाल्यापासून ती इतकी खाली कधी गेली नव्हती. १९५८ मध्ये एअर लिंगसची अटलांटिकपार विमाने सुरू झाली होती. पूर्वी गेलेल्यांच्या नातवंडांना ही विमाने परत आणणार होती, आणि ती नातवंडे काय पाहावयास येतील ह्याचा अंदाज काचेवरच्या त्या डोंगरांनी पुरेसा दिला होता.

रंगभूमीवरील व्यंगचित्राचा आरोप करताना एक विस्मरण होते. राजा ब्रायनची भूमिका करणारे जिमी ओडी हे डब्लिनच्या प्रेक्षकांचे अत्यंत लाडके विनोदी नट होते. बेलफास्टचे आल्बर्ट शार्प १९४७ मध्ये न्यूयॉर्कला ‘फिनियन्स रेनबो’ ह्या संगीतिकेत गाजले होते. बुटक्यांपैकी एकाचे काम करणारे जॅक मॅकगाउरन पुढे सॅम्युएल बेकेट ह्यांच्या नाटकांचे श्रेष्ठ नट म्हणून ओळखले गेले. ही मंडळी अमेरिकन कल्पनेची बाहुली नव्हती. स्वतःच्या रंगभूमीची विनोदी परंपरा त्यांनी सोबत नेली होती. परका म्हणावा तर तरुण नायकच परका होता. स्कॉटलंडचे शॉन कॉनरी ह्यांच्याविषयी न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकाने, उंची व देखणेपण ह्यांपलीकडे फारसे काही नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. तीन वर्षांनी त्यांनीच जेम्स बाँडची भूमिका केली.

डिस्ने ह्यांनी चित्रपटाच्या प्रारंभी खुद्द राजा ब्रायन व त्याच्या प्रजेचे सहकार्याबद्दल आभार मानले आहेत आणि मे १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवर ह्या राजाला आपण कसे पकडले त्याची तासाभराची बतावणीही सादर केली. लोकसाहित्य आयोग १९७१ मध्ये डब्लिनच्या विद्यापीठीय महाविद्यालयात विलीन झाला. २०१७ मध्ये त्याच्या संग्रहाला युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत स्थान मिळाले. प्राचीन आयरिश भाषेच्या कोशाची २०१९ मध्ये जी सुधारणा झाली तीत केंब्रिज व बेलफास्टच्या अभ्यासकांनी ‘लेप्रेकॉन’ ह्या शब्दाची ‘लहान शरीर’ ही रूढ व्युत्पत्ती बाजूस सारली आणि तो रोममधील लुपेर्की, म्हणजे लुपरकेलिया उत्सवात धावणारे तरुण, ह्या लॅटिन शब्दावरून आला असावा, असे मत मांडले. ते ग्राह्य धरल्यास डेलार्गी ह्यांना जो बुटका परक्यांनी चिकटविलेला वाटत होता तो मध्ययुगातील विद्वान भिक्षूंच्या लॅटिन पोथ्यांतूनच आयर्लंडमध्ये उतरला असला पाहिजे. शाळकरी मुलांच्या १९३७-३८ च्या वह्या आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. त्यांत लेप्रेकॉनच्या नोंदी पुष्कळ आहेत. बहुतेकांत तो एकटाच बसून जोडा शिवतो आहे.